फक्कीची रेघ

रविवारी सकाळी गुप्ते सर माळावर आले की आधी विमान काढायचे नाहीत. आधी फक्कीची पिशवी काढायचे. कबड्डीचं मैदान आखतात ना, ती पांढरी फक्की. कमरेत वाकून, उलटं मागे सरकत, ते माळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढायचे. मग उभे राहून, कमरेवर हात ठेवून, ती सरळ आली का ते बघायचे. वाकडी असली तर चपलेने पुसून पुन्हा. आणि मग आसपास जो कोणी असेल, पोरं, म्हातारी, सरपंच, कुणीही, त्याला एकच वाक्य ऐकवायचे: "रेषेच्या मागे."

माझी त्यांची ओळख या वाक्यानेच झाली. मी पोशीरच्या अलीकडच्या त्या माळावर पत्रकं वाटायला गेले होते. बायका पलीकडे ओहोळाकाठी बसल्या होत्या, म्हणून मी सरळ मधून निघाले. मागून आवाज आला, "ओ कार्यकर्त्या बाई, रेषेच्या मागे."

"माळ गावाचा आहे. मी कुठूनही जाईन."

"माळ गावाचाच आहे. पंखा माझा आहे. तो एकदा फिरायला लागला की माळ कोणाचा हे त्याला कळत नाही."

मला राग लवकर येतो. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला तो कामाला येतो. पण त्या दिवशी मी रेघेच्या मागे गेले, कारण तो माणूस माझ्यावर चिडला नव्हता. बोलताना त्याचे डोळे माझ्या पायांकडे होते, पायात काही अडकेल का म्हणून.

गुप्ते सर मूळचे कर्जतचे. जुन्या बाजारपेठेमागे त्यांचं घर. नोकरी सगळी मोहोपाड्याच्या बाजूला, एका रसायनांच्या कारखान्यात, सेफ्टी ऑफिसर म्हणून. कारखान्याला ते 'आमचा प्लँट' म्हणत. निवृत्त झाल्यावर प्लँट सुटला, सेफ्टी सुटली नाही. ती सगळी त्यांनी रिमोटवर उडणाऱ्या विमानांत आणून ओतली. हलक्या लाकडाच्या काड्या आणि वर चकचकीत प्लास्टिकचा कागद, असं ते विमान. पंख माणसाच्या दोन हातांएवढे. व्हॅनच्या मागच्या सीटवर जुनी गादी अंथरून त्यावर ते पंख निजवून आणायचे आणि वर चादर घालायचे. नेरळच्या नाक्यावर एकदा पोलिसाने थांबवून विचारलं, "पेशंट आहे का?" सर म्हणाले, "अजून नाही."

उडवण्याआधीचे त्यांचे सोपस्कार बघून पोरं कंटाळायची आणि तरी हलायची नाहीत. आधी चिमूटभर सुकं गवत हवेत सोडून वारा बघायचा. दोन बोटांवर विमान तोलायचं, नाक किंचित खाली झुकतंय ना ते पाहायचं. मग हातातला रिमोट चालू करायचा आणि नंतरच विमान. उतरल्यावर उलटं: आधी विमान बंद, शेवटी रिमोट. "ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे त्याने आधी जागं व्हायचं आणि शेवटी झोपायचं," असं ते म्हणत. रिमोटवर उजवीकडे दाबलं की उजव्या पंखाची पट्टी वर उठते का, हे ते विमानाच्या मागे उभं राहून तपासत. दर वेळी. "कालच तपासलं होतं की," कोणी म्हटलं तर, "काल उडून झालं." पंख्याला केसाएवढा तडा दिसला तर तो पंखा काढून ते हातानेच कडकन मोडत आणि दोन तुकडे दोन खिशांत टाकत. नुसता फेकला तर कोणीतरी उचलून चिकटवतो, म्हणून.

त्यांचं लाडकं वाक्य वेगळंच होतं. "अपघात आपोआप होत नाही. आधी कोणीतरी 'चालतंय' म्हणतं, मग होतो."

घरीही तेच. विमानाच्या बॅटऱ्या काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, जुन्या माठात, वाळूत पुरून ठेवलेल्या. चार्जिंगला लावली की शेजारी स्टूल टाकून बसायचं, उठायचं नाही. या बॅटऱ्या फुगतात, पेटतात, सांगून पेटत नाहीत. एकदा त्यांचे जावई पुण्याहून आले. बेल वाजली तेव्हा सर मागच्या पडवीत बॅटरीजवळ. काकूंनी हाक मारली. सरांनी आतूनच सांगितलं, "बसवा त्यांना. ही भरली की येतो." जावई चहा पिऊन, जेवून, एक डुलकी काढून उठले तेव्हा सासरेबुवा बाहेर आले. काकू हे मला सांगताना हसत होत्या. "माझ्या बाळंतपणात एवढे बसले असते तर," असंही म्हणाल्या.

शेलूच्या नव्या इमारतींतला एक तरुण त्यांच्या मागे लागला होता. बहिणीची हळद होती. विमानातून मांडवावर झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या, व्हिडिओ काढायचा.

"डोक्यांवरून मी उडवत नाही."

"सर, एकच फेरी."

"पडायला एकच फेरी पुरते."

"मागताय ते देतो हो."

सरांनी विचारलं, "तुझी बहीण कुठे बसणार आहे? मांडवात कुठे?" त्याने सांगितलं. "मग तिथे तू बस. तिला माझ्याबरोबर रेषेच्या मागे पाठव. मग बोलू." तो पोरगा परत आला नाही.

आता हे सगळं मी का सांगते आहे, तर गावाने या माणसावर विश्वास का टाकला ते कळावं म्हणून. गाव भोळं नव्हतं. गावाने डोळ्यांनी बघितलं होतं.

तो प्रसंग चांदीचा. चांदी ही हौसाबाईची कालवड. हौसाबाई म्हणजे माळाला लागून ज्यांची भाताची खाचरं आहेत त्यांतली एक, गुरं तिचीच जास्त, तोंडही तिचंच जास्त. ते नवं पिवळं विमान सरांनी अख्खा पावसाळा खपून बांधलं होतं. उतरायला खाली आलं, आणि नेमकी चांदी शेपटी वर करून माळाच्या मधोमध धावत सुटली. वर उचलायला वेग उरला नव्हता. सरांनी विमान सरळ बांधावर घातलं. मुद्दाम. काड्या, कागद, पंखा, सगळं भाताच्या खुंटांत पसरलं. चांदी थांबून बघत राहिली.

सर गोणपाट घेऊन गेले आणि एकेक तुकडा वेचला. हौसाबाई मागे मागे, "सायब, माझीच चूक हाय, मी दावं सोडलेलं," असं म्हणत होती. सर म्हणाले, "मावशी, विमान परत बांधता येतं. कालवड येत नाही."

त्या दिवसापासून गावाने एक रीत घातली. रविवारी सकाळी सरांची पांढरी व्हॅन वळणावर दिसली की हौसाबाई आरोळी द्यायची, "ए, सायब आलं रं, गुरं वळवा," आणि सगळ्यांची गुरं ओहोळापलीकडे जायची. सर उडवून गेले की परत माळावर. हे सरांनी मागितलं होतं का? होय, एकदा हात जोडून मागितलं होतं. गावाने दिलं, आणि देतच राहिलं. पुढे पुढे तर आरोळीही लागेना. विमानाची मोटर घुंई करायला लागली की गुरं मान वर करायची आणि एकामागे एक, शहाण्या पोरांसारखी, स्वतःच ओहोळ उतरायची. सर त्यावर खूश असत. "आमच्या प्लँटमध्ये सायरन झाल्यावर माणसं इतकी नीट बाहेर पडली नाहीत कधी," असं म्हणत.

सरांचं एक दुखणं होतं. जमीन. वाळल्या गवताचे खुंट विमानाची चाकं मोडतात, भेगांत पंखा अडकतो, चांगलं उडलेलं विमान उतरताना मरतं. त्यांना एक डांबराची पट्टी हवी होती. काळी, सपाट, दोन्ही टोकांना मोकळी. मोठ्या शहरांतल्या क्लबांकडे असते तशी. त्याबद्दल बोलताना ते हाताने हवेत ती पट्टी अशी गुळगुळीत पुसायचे की आपल्यालाही दिसायची. विमानाच्या पोटाखाली त्यांनी एक छोटा कॅमेरा बांधला होता, वरून माळाचे फोटो काढायचा. कुठे खड्डा, कुठे दगड, कुठून उतरावं, हे बघायला. ते फोटो ते घरी कॉम्प्युटरवर लावून बसत. आपण त्या वेळी त्यातला ओहोळ बघायचो, बांध बघायचो, छान म्हणायचो.

मग कंपनी आली. नाव लिहीत नाही, बोर्डांवर हवं तेवढं लिहिलेलं आहे. शेलूपासून इकडे सरकत सरकत आलेल्या बंगल्यांच्या वसाहतीला क्लबहाऊस आणि 'मोकळी हिरवी जागा' हवी होती. जागा म्हणून त्यांनी हा माळ दाखवला. माळ सरकारी, गुरचरण, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेला. तो असा देता येत नाही. देता यावा म्हणून कंपनीने एकच गोष्ट म्हटली: माळ पडीक आहे, तो कोणी वापरत नाही. तालुक्याचे साहेब स्थळपाहणीला येऊन जे लिहितील त्यावर सगळं ठरणार होतं. वापरात आहे, की नाही. एवढंच.

समिती झाली. सर बैठकांना यायचे, मागे खुर्ची घेऊन बसायचे. माझ्या पत्रकांवर पेन्सिल फिरवायचे. "'राक्षसी', 'लुटारू', हे काढ. विशेषणं काढ आणि काय दिसतं ते लिही." मी चिडायचे आणि काढायचे. पत्रक खरंच बरं व्हायचं. शेवटच्या बैठकीत प्रश्न आला की पाहणीच्या वेळी बोलणार कोण. गावकरी बोलले तर साहेब म्हणणार, हे तर बोलणारच. बाहेरचा, शिकलेला, ज्याची गावात एक गुंठाही जमीन नाही असा माणूस हवा. सगळ्यांनी मागे वळून बघितलं.

"मी येतो," सर म्हणाले. "मी तिथे इतकी वर्षं उभा आहे. मी पाहिलंय ते सांगेन."

हौसाबाईने घरचे तांदूळ बांधून त्यांच्या व्हॅनमध्ये ठेवले. त्यांनी नको म्हटलं, तरी ठेवले.

पाहणीच्या दिवशी आम्ही सकाळपासून माळावर. गुरं मुद्दाम माळावरच ठेवली होती. पांढरी व्हॅन आली नाही. कंपनीची गाडी आली, तिच्यातून साहेब उतरले, कंपनीचा फाइलवाला उतरला, आणि मागच्या दारातून गुप्ते सर. मला वाटलं, व्हॅन बंद पडली असेल, यांनी वाटेत घेतलं असेल. बघा, माणूस किती वेळ स्वतःची समजूत घालू शकतो.

साहेबांनी हौसाबाईला विचारलं, गुरं रोज इथेच चरतात का. "मग काय गच्चीवर चरतात?" ती म्हणाली. लोक हसले. साहेबही हसले. मग फाइलवाला म्हणाला, आज गुरं आणून उभी केलीत हे आम्हीही बघतोय, आपण तटस्थ माणसाला विचारू. आणि सरांकडे हात केला.

सर पुढे आले. हात मागे बांधलेले, प्लँटमध्ये अहवाल देताना बांधत असतील तसे.

"तुम्ही इथे विमान उडवता?" फाइलवाल्याने विचारलं.

"होय. बऱ्याच वर्षांपासून."

"तुमचे नियम फार कडक आहेत असं ऐकलं."

"माणसं किंवा जनावरं असतील तिथे मी उडवत नाही. एकदाही उडवलेलं नाही."

"आणि इथे उडवत आलात."

"होय."

"म्हणजे तुम्ही उडवत होतात तेव्हा माळावर गुरं नव्हती."

"नव्हती."

फाइलवाल्याने फोटो काढून साहेबांच्या हातात दिले. मी ते लगेच ओळखले. सरांच्या कॉम्प्युटरवर बघून मी ज्यांना छान म्हटलं होतं तेच. वरून काढलेला माळ, सगळे ऋतू, आणि एकाही फोटोत एकही गाय नाही. नसणारच. सगळे रविवारचे.

पहिल्यांदा कळलं ते हौसाबाईला, मला नाही. ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सायब, गुरं मीच वळवायची ना? तुमच्यासाठीच ना? तुमी हात जोडलेले माझ्यासमोर. ते पन सांगा की यांना."

सर तिच्याकडे बघत नव्हते. साहेबांकडे बघून म्हणाले, "मी कोणाला हाकललेलं नाही. विनंती केली होती."

"विनंती कधी केली होती?" साहेबांनी विचारलं.

"आठवत नाही नेमकं."

ज्या माणसाला कुठल्या विमानाचा कुठला स्क्रू कधी बदलला हे तोंडपाठ, त्याला आठवत नव्हतं. साहेबांनी लिहिलं. 'प्रत्यक्ष नियमित वापर दिसून येत नाही.' चांदी, आता चांगली गाय झालेली, त्यांच्या गाडीच्या सावलीत उभी होती.

मी दुसऱ्या दिवशी कर्जतला त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. मागच्या पडवीकडे बोट केलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. सर एका नव्या पंखावर कागद चढवत होते. इस्त्री फिरेल तसा कागद आक्रसून ताठ होत होता, एक सुरकुती राहत नव्हती.

"मी एक वाक्य खोटं बोललो का? दाखव."

"नाही दाखवता येत. म्हणूनच आले."

"मग?"

"तुम्हाला काय देणार आहेत?"

इस्त्री थांबली नाही. "पट्टी," ते म्हणाले. "डांबराची. क्लबहाऊसच्या मागे. आणि सुरक्षा माझ्याकडे, सगळी. हे बघ, तो माळ जाणारच होता. आज नाही तर उद्या, कोणीतरी घेणारच होतं. निदान त्यातला एक तुकडा असा राहील, जिथे नियम पाळले जातील."

"सर, तुम्हीच सांगायचात. आधी कोणीतरी 'चालतंय' म्हणतं."

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. पंख उचलून उजेडाकडे धरला, कडेने नजर लावून तो सरळ आहे का ते बघितलं. मग म्हणाले, "जाताना दार ओढून घे. धूळ येते."

मी पत्रक लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं. त्यांनीच शिकवलेलं. साध्या वाक्यांत लिहिलं की गावाने एका माणसाचा मान राखायला गुरं हलवली, आणि त्या माणसाने तीच हललेली गुरं गावाविरुद्ध साक्षीला उभी केली. वरच्या कचेरीत अर्ज दिला, तो पडून आहे. मला अजूनही सरांचा येतो तितका राग कंपनीचा येत नाही. कंपनी माझ्याशी कधी चांगली वागली नव्हती.

शेवटचं त्यांना बघितलं ते पट्टीच्या उद्घाटनाला. रविवार. आम्हाला निमंत्रण नव्हतं, पण तारेचं कुंपण ओहोळाच्या बाजूला अजून पुरं झालं नव्हतं, म्हणून गाव तिथे उभं होतं. खुर्च्यांवर बंगल्यांतली माणसं, पाहणीला आलेले तेच साहेब, गळ्यात हार. मधे काळी पट्टी, खरंच हवेत हाताने पुसलेली असावी इतकी गुळगुळीत. पट्टीच्या अलीकडे रेघ होती, आता फक्कीची नव्हे, ऑइलपेंटची. पुसता न येणारी.

सरांनी सगळं केलं. गवत सोडलं. दोन बोटांवर तोललं. आधी रिमोट, मग विमान. पाहुण्यांतला एकजण फोनवर बोलत पुढे आला, त्याला मागे पाठवलं. एकाच्याही डोक्यावरून उडवलं नाही. मी चूक शोधायला आले होते, मला एकही सापडली नाही.

चांदी आणि तिच्यामागे दोन-तीन गुरं कुंपणाच्या उघड्या जागेतून आत शिरून खुर्च्यांपलीकडे पोचली होती. तोंडाला सवयीचं गवत. रखवालदार काठी घेऊन धावला, तशी हौसाबाई पण धावली, काठी आपल्या गाईला लागू नये म्हणून. तिचा पाय ऑइलपेंटच्या रेघेवर पडला. विमानाचा पंखा तेव्हा नुकताच फिरायला लागला होता.

"मावशी, रेषेच्या मागे," सर म्हणाले. तोच आवाज. शांत, काळजीचा.

आणि ती थांबली. पाय मागे घेतला. पुढची शिवी तिच्या तोंडात तशीच राहिली.

विमान सुटलं, वर चढलं, मोटर घुंई करायला लागली. चांदीने मान वर केली. कान फिरवले. मग ती वळली, आणि तिच्यामागे बाकीची वळली, आणि कोणी आरोळी न देता, कोणी काठी न उगारता, एकामागे एक ती गुरं रेघेच्या अलीकडून, साहेबांच्या खुर्चीसमोरून, ओहोळाकडे चालू लागली. रखवालदार काठी खाली करून बघत राहिला. साहेब बघत राहिले. हौसाबाई रेघेमागून ओरडली, "बघा, गुप्ते सायब. मागं बघा जरा. बघा कोन वळवतंय."

गुरं त्यांच्या पाठीमागून गेली, हाताच्या अंतरावरून. त्यांनी मागे बघितलं नाही. विमान हवेत असताना त्याच्यावरून नजर काढायची नाही, हा त्यांचा नियम आहे.